चालू मशीनं ६, मुलं ३८ आणि कॉम्प्युटरचा तास माझ्या गळ्यात. शिकवू काय?

सत्तरीचा_मास्तर

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका हायस्कुलात मराठी आणि सोशल शिकवतो. यंदा आमच्या कॉम्प्युटर टीचर बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि टाइमटेबल लावताना सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण काय तर ऑफिसातल्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की तो मी काढतो. एवढ्या पात्रतेवर ६वी ते ८वीचा कॉम्प्युटर माझ्याकडे आला.

परिस्थिती सांगतो. आठवड्याला दोन तास, तास ३५ मिनिटांचा, त्यातली पाच मिनिटं लॅबबाहेर चपला काढण्यात आणि कोण कुठे बसणार या भांडणात जातात. मशीनं १२ आहेत, चालू ६. बाकीच्या सहांवर प्लास्टिकची कव्हरं आहेत, इन्स्पेक्शनला कोणी आलं तर बारा दिसतात. पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, यूपीएस फक्त बीप करतो. लाईट गेली की ३८ मुलं एका सुरात ओरडतात "सर, लायट गेली!", जसं काही मी अंधारात बसून बघत नाहीये.

पुस्तक उघडलं तर पहिल्या धड्यात कॉम्प्युटरच्या पिढ्या, व्हॅक्यूम ट्यूब वगैरे. मुलं ते पाठ करतात हो, सीपीयू म्हणजे मेंदू असं सगळ्यांनी लिहिलं, पण काल टाइप केलेली फाईल आज शोधा म्हटलं तर एकालाही सापडली नाही. ही मोबाईलवर वाढलेली पोरं, फोल्डर ही वस्तूच त्यांनी पाहिलेली नाही, दोघं तर मॉनिटरच्या काचेवर बोट फिरवत बसली होती. त्यात चौथीपर्यंत मराठी माध्यम, पाचवीपासून एकदम इंग्रजी, म्हणजे पुस्तकातलं वाक्य मी आधी मराठीत सांगतो, मग कोकणीत, मग घंटा होते.

केअर्स या कोडिंग-रोबोटिक्सच्या सरकारी योजनेमुळे शाळेत स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्राम करायचं सॉफ्टवेअर, आलेलं आहे, टीचर जाताना मला तासभर दाखवून गेल्या, ते बरं वाटलं. पण सहा मशीनांवर ३८ जण म्हणजे एका मशीनवर सहा-सात, त्यातला माऊस एकाच्याच हातात, आणि तो हात नेहमी त्याच मुलाचा. मुली मागे उभ्या.

मला कोणी सिलॅबस सांगू नका, तो माझ्याकडे आहे. खरंच शिकवण्यासारखं काय आहे आणि ते या लॅबमध्ये कसं करायचं ते सांगा.

फोंड्याची_टीचर

सर, मी १४ वर्षं हाच विषय शिकवते. पहिले दोन आठवडे लॅबचं दार उघडूच नका, वर्गातच घ्या.

पुठ्ठ्याची पाच कार्डं करा, एकेकावर १६, ८, ४, २, १ टिंबं काढा. पाच मुलं ओळीनं उभी करा, वर्गाच्या डाव्या हाताला १६ वाला आणि उजव्या हाताला १ वाला. कार्ड दाखवलं तर चालू, उलटं केलं तर बंद. आता वर्गाला सांगा १३ दाखवा. थोडा गोंधळ होतो, मग कोणीतरी ओरडतं ८, ४ आणि १. मग प्रत्येकाच्या वाढदिवसाची तारीख. पाच कार्डांत जास्तीत जास्त ३१ होतात आणि महिन्याच्या तारखाही ३१च, त्यामुळे वर्गातला एकही वाढदिवस सुटत नाही, पोरांना हे इतकं आवडतं की दुसऱ्या दिवशी आई-बाबांच्या तारखा घेऊन येतात. बायनरी, म्हणजे नुसत्या चालू-बंदवरची मोजणी, हा शब्द मी शेवटी सांगते, तोवर त्यांना ते येत असतं. सहावं कार्ड किती टिंबांचं, हे विचारा फक्त, सांगू नका. ही युक्ती माझी नव्हे, न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या टिम बेल वगैरे लोकांनी कॉम्प्युटरशिवाय कॉम्प्युटर सायन्स शिकवायचे असे बरेच खेळ नव्वदच्या दशकात तयार केले, सीएस अनप्लग्ड नावानं नेटवर फुकट आहेत.

दुसरा खेळ, मनात १ ते १०० मधला आकडा धरा, मी फक्त मोठा की लहान एवढंच विचारणार, सात प्रश्नांत ओळखते. मुलं आधी जादू समजतात. मग त्यांनाच करायला लावा. तुमच्या ३८ रोल नंबरांना सहा प्रश्न पुरतात आणि हजारांना दहा. पण यादी क्रमानं लावलेली असेल तरच हे चालतं, हा मुद्दा मुलांच्या तोंडून यायला हवा, म्हणून एकदा मुद्दाम यादी विस्कटून द्या आणि मजा बघा.

क्यू, म्हणजे रांग, शिकवायला मी रायबंदरच्या धक्क्यावर जाते, म्हणजे फळ्यावर. चोडण बेटावर जायच्या फेरीबोटीसाठी गाड्या रांगेत लागल्यात, पहिली आलेली पहिली जाणार. मग एक अँब्युलन्स येते. तिला पुढे सोडायचं तर नियम कसा लिहाल? आणि दोन अँब्युलन्स आल्या तर? सातवीच्या पोरांनी यावर पूर्ण तास भांडून काढला होता, मी नुसती बसून होते.

स्क्रॅच त्यानंतर. आणि एका मशीनवर सहा जण बसवू नका. अर्धा वर्ग मशीनवर, अर्धा खाली बसून कागदावर तोच प्रोग्राम लिहिणार, पुढच्या तासाला उलट. मशीनवर तिघं, एकाच्या हातात माऊस पण तो स्वतःच्या मनानं काही करणार नाही, दुसरा सांगणार, तिसरा चुका टिपणार, सात मिनिटांनी बदल. मी किचनमधला टायमर लावते, तो वाजला की माऊस सोडायचा, वाद नाही. माऊसवर पहिला नंबर मुलींचा. हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, बऱ्याच सरांच्या ते लक्षातही येत नाही.

पहिला प्रोग्राम चौकोन. १०० पावलं जा, ९० अंश वळ, हे चार वेळा. मग म्हणा आता त्रिकोण करा आणि गप्प राहा. सगळे ६० अंश टाकतात, गणितात तसंच शिकलेत ना, आणि त्रिकोण मिटतच नाही, तोंड उघडं राहतं. स्क्रॅचमधलं मांजर बाहेरच्या बाजूनं वळतंय, म्हणून १२० लागतात, हे ज्या मुलाला कळतं त्याला ते आयुष्यभर विसरता येत नाही. खोडू नका लगेच, ६० तसंच ठेवून तीनच्या जागी सहा वेळा करायला सांगा. सुरेख षटकोन मिळतो, चुकीतनं निघालेला.

पर्वरीचा_कोडर

टीचरांचं सगळं मान्य, पण मास्तर, ती सहा कव्हरं आधी काढा बघू.

माझी गोष्ट सांगतो. अकरावीत सायबरएज या सरकारी योजनेतून घरी कॉम्प्युटर आला, पर्रीकरांच्या काळात. आईनं त्यावर क्रोशाचं झाकण घातलं आणि बाबांनी सांगितलं हात लावशील तर बघ. सहा महिने मी त्याला देव्हाऱ्यासारखा बघत होतो. मग एका मे महिन्यात सगळे लग्नाला गेले असताना उघडला, बिघडवला, घाबरून रात्रभर जागून परत चालू केला. फर्मागुडीला इंजिनिअरिंगला गेलो त्याचं मूळ त्या रात्रीत आहे. आज पर्वरीत बसून कोड लिहितो, झाकण आईनं अजून जपून ठेवलंय.

बंद मशीनं बहुतेक वेळा मेलेली नसतात, पावसाळ्यानं आजारी पडलेली असतात. चालू केलं की नुसतं बीप बीप येतं आणि स्क्रीन काळी, तर रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी काढा, तिचे सोनेरी दात साध्या खोडरबरानं हलके पुसा, खोडरबराचा चुरा झटका, परत खटकन आवाज येईपर्यंत बसवा. आमच्याकडची दमट हवा त्या दातांवर थर धरते, निम्मी मशीनं एवढ्यावर उठतात. दुसरं, मशीन चालू होतंय पण तारीख दहा-पंधरा वर्षं मागची दाखवतंय आणि कुठलीही वेबसाईट उघडली की कनेक्शन सुरक्षित नाही म्हणतंय, तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलीय, सीआर २०३२ मागा, घड्याळवाल्याकडे पण मिळते. साईटच्या सर्टिफिकेटला मुदत असते ना, मशीनला वाटतं आपण जुन्या काळात आहोत आणि ही मुदत अजून सुरूच झालेली नाही. हे मुलांना सांगा, तारखेचा आणि सिक्युरिटीचा संबंध काय हे पुस्तकातल्या पानभर मजकुरापेक्षा यात जास्त कळतं.

आणि हे काम तुम्ही एकट्यानं करू नका, आठवीच्या पोरांकडून करून घ्या. प्लग भिंतीतून काढलेला, तुम्ही समोर उभे. फक्त पॉवर सप्लायचा डबा कोणीही उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही त्यात करंट साठून राहतो, हे दहा वेळा सांगा.

जुन्या मशीनांवर विंडोज १० असेल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ त्यावर बसणार नाही. विंडोजच्या जागी हलकं लिनक्स टाका, ती फुकट ऑपरेटिंग सिस्टिम आहे. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर चालतात, तिकडे हायस्कुलात लिटल काईट्स म्हणून मुलांचे क्लबच आहेत जे शाळेतली मशीनं आणि कॅमेरे सांभाळतात. आपल्याकडे का होऊ नये, एका तालुक्याएवढं आपलं राज्य.

काणकोणची_आई

मी टीचर नाही, दोन मुलांची आई आहे, त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या. पण हे बायनरी आणि मांजर सगळं वाचून मला एकच वाटलं, की माझा मुलगा सातवीत आहे, त्याला स्क्रॅचमध्ये गेम करता येतो, सगळं येतं, आणि तरी गेल्या वर्षी आमच्या घरातून पैसे गेले तेव्हा तो तिथंच बसलेला होता.

सासऱ्यांना फोन आला, तुमचा जुना फ्रिज विकायला टाकलाय ना, मी घेतो, आगाऊ रक्कम पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील. सासऱ्यांना स्कॅन जमेना म्हणून नातवाला हाक मारली. नातवानं झटकन करून दिलं, कौतुकानं. आठ हजार गेले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात, हे एक वाक्य त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. मी पण नाही. मला पण तेव्हाच कळलं खरं तर. आणि १९३० या नंबरावर लगेच फोन करायचा असतो, जेवढा लवकर तेवढं बरं, पैसे पुढे सरकायच्या आत थांबवता येतात कधी कधी, हे आम्हाला दोन दिवसांनी शेजाऱ्यांनी सांगितलं. मुलगा कितीतरी दिवस आजोबांसमोर जेवायला बसत नव्हता हो.

म्हणून माझं म्हणणं, कोडिंग राहू दे बाजूला, आधी हे शिकवा. आज रात्री वीज तोडणार म्हणून मेसेज येतो त्यातला नंबर कोणाचा, ओटीपी कोणाला सांगायचा नाही, आपला शाळेच्या ड्रेसमधला फोटो टाकला तर त्यावरनं काय काय कळतं. सगळ्यांनी इंजिनिअर व्हायचं नाहीये, पण फोन सगळ्यांच्या घरात आहे.

पर्वरीचा_कोडर

ताई, वाईट वाटलं वाचून. पण कोडिंग बाजूला ठेवा हे पटलं नाही. हे करा ते करू नका अशी यादी दिली तर पोरं तीही पाठ करतील, व्हॅक्यूम ट्यूबसारखी, आणि पुढच्या वर्षी फसवणारा नवी युक्ती काढेल. क्यूआर म्हणजे नुसता चित्रात लिहिलेला मजकूर आहे, त्यात पैसे कोणाला द्यायचे तो पत्ता असतो, एवढं ज्याला आतून माहीत आहे तो "स्कॅन करा, पैसे मिळतील" ऐकून थांबेल.

काणकोणची_आई

थांबेल की नाही माहीत नाही दादा. आमचा होता त्याला गेम करता येत होता, तरी नाही थांबला. त्याला आजोबांना खूश करायचं होतं.

फोंड्याची_टीचर

यावर मी गप्प बसते, ताईंचं बरोबर आहे. माझ्या वर्गात आता एक तास असा असतो की मुलं जोडीनं नाटक करतात, एक फसवणारा आणि एक आजी. फसवणाऱ्याची घाई, गोड बोलणं, भीती घालणं, सगळं पोरं इतकं हुबेहूब करतात की अंगावर येतं. आजी झालेल्या मुलानं फक्त एकच करायचं, "थांब बाबा, घरच्यांना विचारून सांगते" म्हणून फोन ठेवायचा. ऐकायला सोपं आहे, पण बऱ्याच जणांना फोन ठेवणं जमत नाही, उद्धटपणा वाटतो. तेवढ्याचीच प्रॅक्टिस घेते.

डिचोलीचा_मुद्रितशोधक

मास्तर, तुम्ही मराठीचे आहात हे इथं सगळे विसरले, तुम्हीसुद्धा. मी छपाईच्या धंद्यात आयुष्य काढलं, तुमच्या हातात काय खजिना आहे ते सांगतो.

उद्या नोटपॅड उघडा, क्षमा असा शब्द टाइप करायला लावा आणि विचारा यात अक्षरं किती. मुलं म्हणतील दोन. कॉम्प्युटर म्हणतो पाच, क, हलन्त, ष, म आणि काना. पटत नसेल तर नुसता क्ष टाइप करून बॅकस्पेस हळूहळू दाबा, आधी क् उरतो, मग क. जोडाक्षर कसं बनतं हे मी चाळीस वर्षं प्रूफं तपासून जे शिकलो ते पोरांना दोन बॅकस्पेसमध्ये दिसतं. बाइट म्हणजे साठवणीचं माप, इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि आपल्या प्रत्येकाला तीन, म्हणजे क्षमा मागायला १५ बाइट खर्च होतात.

पुढची गंमत. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामाईक यादीत, प्रत्येक चिन्हाला नंबर आहे, अ म्हणजे २३०९, क म्हणजे २३२५. यादी लावताना साधा प्रोग्राम या नंबरांनीच लावतो. तर वर्गाच्या हजेरीत क्षमा कुठे येईल? शाळेत आपण शिकतो क्ष अगदी शेवटाकडे, ज्ञ च्या आधी. प्रोग्राम तिला कौस्तुभच्या खाली आणि खुशीच्या वर बसवतो, कारण त्याच्या लेखी ती क वरूनच सुरू होते. आणि आपला ळ, वर्णमालेत ह च्या नंतरचा, तिथं ल च्या मागोमाग २३५५ वर आहे. म्हणजे कुणीतरी कधीतरी ठरवलं आणि ते ठरलं. मशीन आपोआप काही करत नाही, माणसानं ठरवलेलं करतं, हे याच्याहून चांगल्या उदाहरणानं मला तरी सांगता येणार नाही.

जमलं तर इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकवा. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं, महिनाभरात बोटं बसतात. आमच्या वेळेला प्रत्येक प्रेसचा फॉण्ट वेगळा, पणजीत टाइप केलेला मजकूर डिचोलीत उघडला की नुसते किडेमकोडे, मग परत सगळं टाइप करा. ते दिवस गेले, पण आमची कित्येक जुनी कामं त्या फॉण्टांत अडकून पडलीत ती पडलीतच.

बारावीवाला

सर मी विद्यार्थी आहे म्हणून थोडंच लिहितो. आम्हाला लूप, म्हणजे तेच काम परत परत करायची सूचना, फळ्यावर शिकवला, वहीत लिहिला, पेपरात लिहिला, मला १० पैकी ९ मिळाले. आणि पहिल्यांदा खऱ्या मशीनवर पायथन भाषेतला प्रोग्राम टाइप केला तेव्हा स्पेस चुकली म्हणून लाल एरर आला, मला वाटलं कॉम्प्युटर बिघडला आणि मी हळूच शेजारच्या मशीनवर जाऊन बसलो. एरर वाचायचा असतो हे कोणी सांगितलंच नव्हतं. प्लीज ते शिकवा. चुकलेला प्रोग्राम मुद्दाम द्या आणि कुठे चुकलाय ते शोधायला सांगा.

आणि एआयचं कोणीच बोललं नाही. आमच्या वर्गात प्रोजेक्ट सगळे त्यातनंच करतात, मी पण. आमच्या मॅडमनी यावर एकच केलं, म्हणाल्या तुमच्या वाड्यावरच्या देवळाबद्दल, जत्रेबद्दल त्याला विचारा आणि उत्तरातल्या चुका लाल पेननं काढून आणा. माझ्या पानावर अकरा लाल खुणा होत्या, जत्रेचा महिनासुद्धा चुकीचा होता, आणि इतक्या आत्मविश्वासानं लिहिलेलं की आजीला विचारलं नसतं तर मीच मानलं असतं.

सत्तरीचा_मास्तर

मंडळी, पाच आठवड्यांनी येतोय, माफ करा, परीक्षा आणि चवथ (गणेश चतुर्थी) मध्ये आली.

कार्डांचा खेळ केला. सहावं कार्ड ३२ हे मागच्या बाकावरच्या एका पोरानं सांगितलं, तो माझ्या मराठीच्या तासाला तोंड उघडत नाही. नंतर घुमट या मातीच्या वाद्यावरची आरती बसवत होतो तेव्हा तोच म्हणाला सर हे लूपच आहे, ठेका तोच, फक्त शेवटच्या फेरीला वेगळा. मी नुसतं बघत राहिलो.

त्रिकोण अगदी टीचर म्हणाल्या तसाच फसला. मी पण ६० च टाकले होते आदल्या दिवशी घरी, ते त्यांना सांगितलं नाही.

अर्धा वर्ग खाली, अर्धा मशीनवर हे पहिल्यांदा वाईट गेलं, खालची मुलं उठून वर बघायला जायची, आवाज इतका की शेजारच्या वर्गातून निरोप आला. टायमर आणल्यावर सुधारलं. मुली पहिल्या, या नियमावर आठवीच्या मुलांनी कुरकुर केली, ती अजून चालू आहे.

फसवणुकीचं नाटक केलं आणि ताईंची गोष्ट नाव-गाव न घेता सांगितली. तुमची परवानगी न घेता, याबद्दल क्षमा, १५ बाइट. दुसऱ्या दिवशी एका मुलीनं सांगितलं की तिनं घरी आजीकडून "थांब बाबा, घरच्यांना विचारून सांगते" हे तीनदा बोलून घेतलं. हजेरीची यादी मुलांनी स्वतः लावली, ळ वरून वाद झाला, तो मराठीच्या तासात नेऊन संपवला, संपवला म्हणजे घंटा झाली.

आता मशीनं. आठवीतल्या पाच जणांची कमिटी केली, तीन मुली, दोन मुलगे. पहिलं कव्हर काढलं तर आत मुंग्यांचं वारूळ. दुसरं उघडलं तर "सर, पाल!" म्हणून सगळे बाहेर, मी सगळ्यात आधी. खोडरबरानं दोन उठली. एक तारीख २००९ दाखवत होतं, त्याची बॅटरी कमिटीतल्या एका मुलीनं वाळपईच्या बाजारातून घड्याळवाल्याकडून आणली, बदलली, आणि आता ती मला विचारते सर तुमच्या घरचं काही बिघडलंय का. बारातली नऊ चालू आहेत. राहिलेल्या तिघांतलं एक जळलेलं आहे, त्याचा वास येतो, ते मुलांनी सुटं करून भिंतीवर पुठ्ठ्याला लावलंय, नावं लिहून, मराठीत. ड्रेसमधला फोटो टाकायचा नाही हे त्यांनीच मला ऐकवलं, म्हणून इथं टाकत नाही.

उरलेली दोन रॅमवर अडली आहेत. कोणाकडे डीडीआर ३ ची डेस्कटॉपवाली पट्टी पडून असेल, २ जीबीची पण चालेल, तर कळवा. लॅपटॉपवाली नको, ती आखूड असते, बसत नाही. एक आणून बघितली आम्ही.